आतून गळणारा तंबू

पहाटे सव्वाचारला कपाळावर थेंब पडला. झोपेतच पुसला. दुसरा थेट डोळ्याच्या कोपऱ्यात पडला तेव्हा उठून बसले, तर डोकं वरच्या कापडाला लागलं आणि वीस-पंचवीस थेंब एकदम मानेवर, उशीवर, फोनवर आले. जानेवारीत पाऊस? चेन उघडून बाहेर पाहिलं. आभाळ लख्ख होतं. इतक्या चांदण्या मला पुण्यात वर्षभरात मिळून दिसत नाहीत. पाऊस फक्त माझ्या तंबूत पडत होता.

तंबू पंधरा दिवसांपूर्वी घेतलेला. वजन १,२५० ग्रॅम, दोन माणसांचा, किंमत साडेसतरा हजार (घरी सहा हजार सांगितली होती). जूनमध्ये एका मैत्रिणीबरोबर हिमाचलात आपापलं सामान पाठीवर घेऊन ट्रेक करायचा होता, आणि कुठलीही गोष्ट प्रॉडक्शनला टाकण्याआधी टेस्ट करायची ही सहा वर्षांच्या नोकरीने लावलेली खोड. सावर्ड्याला घरी आठवडाभर वर्क फ्रॉम होम होतं. म्हटलं, टेस्टिंग तिथेच करू. घरामागची चढण चढून सड्यावर जाऊन झोपायचं मनात होतं. बाबा म्हणाले, “सड्यावर नको बाय. बिबट्या फिरतो. खळ्यात लाव काय तो तुझा तंबू.” त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतला वगैरे माझा पहिला कॅम्प आमच्या तुळशीपासून बारा फुटांवर झाला.

तोही सहज झाला नाही. हा तंबू स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. मध्ये एक ट्रेकिंग पोल आणि चहूबाजूंनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्या, या ताणावर त्याचं सगळं अस्तित्व. सोबत आलेल्या खुंट्या पेन्सिलीएवढ्या जाड आणि आमची जमीन जांभ्याची. पहिल्या तीन खुंट्या वाकल्यावर बाबांनी काही न बोलता पहार आणली, आठ भोकं पाडून दिली, आणि तरीही भरवसा नाही म्हणून दोऱ्यांवर आठ चिरे ठेवले. सव्वा किलोचा तंबू आणि त्याला धरून ठेवायला दीडदोनशे किलो दगड. हा तंबू बनवणाऱ्याने मऊ गवताची कुरणं पाहिली असणार, कोकण नक्कीच नाही.

असो. सकाळी सात वाजता ओली उशी उन्हात टाकून मी एक स्टारचा रिव्ह्यू टाइप केला. ‘पहिल्याच रात्री गळला.’ पाठवण्याआधी पुरावा हवा म्हणून बाबांना पाइप धरायला लावला. मी आत बसले, चेन लावून घेतली, आणि बाबांनी वीस मिनिटं वरून, बाजूने, शिवणीवरून, बागेला पाणी घालावं तसं पाणी मारलं. आत एक थेंब आला नाही.

“गळत नाय,” बाबा बाहेरून म्हणाले.

“मग रात्री पाणी आलं कुठून?”

“तूच आणलंस की आत.”

मला वाटलं, पाण्याच्या बाटलीबद्दल बोलतायत. बाबा माझ्या श्वासाबद्दल बोलत होते.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांतली बरीचशी चिपळूण-कराड. म्हणजे कुंभार्ली घाट, आणि पावसाळ्यात घाट म्हणजे धुकं, पाऊस आणि पन्नास ओली माणसं. ओल्या छत्र्या, ओल्या टोपल्या, ओलं कोंबडं एखादं. पाऊस आत येतो म्हणून सगळे आपापल्या खिडक्या घट्ट लावून घेतात आणि पाच मिनिटांत ड्रायव्हरची काच आतून पांढरी होते. वायपर फक्त बाहेरून चालतो. नव्या ड्रायव्हरला वाटतं, पाऊस वाढला. तो वायपर जोरात करतो, फडक्याने पुसतो, परत पांढरं. बाबा आरशात बघून ओरडायचे, “मागची एक खिडकी उघडा रे कुणीतरी!” मागचा माणूस भिजायचा, शिव्या द्यायचा, पण काच स्वच्छ व्हायची. मी कराडला इंजिनीअरिंगला होते तेव्हा सुट्टीत याच गाडीने घरी यायचे आणि ही खिडकी हमखास माझ्या वाट्याला यायची, कारण ड्रायव्हरची मुलगी तक्रार करू शकत नाही. चार वर्षं भिजत प्रवास केला आणि त्यामागचं कारण एकदाही विचारलं नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात मात्र मला चांगले मार्क होते.

तर हिशोब असा. झोपलेलं माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून साधारण पेलाभर पाणी हवेत सोडतं. हवा हे पाणी वाफ म्हणून धरून ठेवते, पण तिची ऐपत तापमानावर ठरते. ३० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, २० अंशाला १७ आणि १० अंशाला ९ च्या आसपास. गरम हवा थंड पृष्ठभागाला टेकली की न मावणारं पाणी तिथेच थेंब होऊन बसतं. दुसऱ्या रात्रीपासून मी तीनतीनशे रुपयांचे दोन छोटे तापमान-आर्द्रता मीटर लावले, एक तंबूत, एक तुळशीपाशी. पहाटे पाचला तुळशीपाशी १६ अंश आणि आर्द्रता ९३ टक्के. म्हणजे कापड आसपासच्या हवेपेक्षा जेमतेम एक-सव्वा अंश थंड झालं तरी पाणी सुटणार. आणि तंबूतली हवा तर माझ्या श्वासाने आणखी भिजलेली.

मला अडलं ते इथे. कापडाच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला त्याहून गरम मी. मग कापड बाहेरच्या हवेपेक्षाही थंड कसं होईल? चहा उघड्यावर ठेवला तर तो खोलीइतका थंड होतो, खोलीपेक्षा थंड होत नाही.

उत्तर दोनशे वर्षांपूर्वीचं निघालं. विल्यम चार्ल्स वेल्स नावाचा लंडनमधला एक डॉक्टर होता. दंव आभाळातून पडतं की जमिनीतून वर येतं, यावर तेव्हा विद्वानांचे वाद होते. वेल्सने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके घेतले आणि रात्री सरेमधल्या एका बागेत ठेवले, काही उघड्यावर, काही उंच धरलेल्या फळीच्या वर आणि काही फळीखाली. सकाळी वजनं केली. ज्या पुंजक्यांना आभाळ दिसत होतं ते भिजून जड झाले, फळीखालचे फारसे भिजले नाहीत. १८१४ साली त्याने दंवावरचा निबंध छापला. त्याचं म्हणणं, निरभ्र शांत रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि हवेपेक्षा थंड होते. दंव नंतर येतं, गारठा आधी. ढग, फळी, झाड, काहीही मध्ये आलं की हा व्यवहार मंदावतो.

आपल्याकडे हे माहीत असणारे लोक होतेच. रॉबर्ट बार्कर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लिहून ठेवलंय की अलाहाबादकडे थंडीत उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं अंथरतात, त्यावर मातीच्या पसरट थाळ्या ठेवून पाणी भरतात आणि सकाळी बर्फ गोळा करतात. हवा गोठणबिंदूपर्यंत गेलेली नसताना. थाळीतलं पाणी आभाळाकडे बघून थंड व्हायचं.

माझा तंबूही तेच करत होता. खळं म्हणजे घरातली सर्वांत मोकळी जागा. चांदण्या बघायला उत्तम, म्हणून मी ती निवडली होती. वजन वाचवायला कापड इतकं पातळ की उष्णता साठवून ठेवायला त्यात काहीच नाही, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात ते गार.

तिसऱ्या रात्री तंबू फणसाखाली हलवला. फणसाची पानं दाट, आभाळ जवळजवळ दिसत नाही. त्याच चेना, तोच श्वास, तीच मी. सकाळी कापडावर हात फिरवला तर थोडं दमट, बस्स. माझा एक स्टार दोनवर गेला.

पूर्ण मार्क मात्र देणार नाही, कारण दंव निसर्गाचं असलं तरी त्याचं काय करायचं हे तंबू बनवणाऱ्याच्या हातात असतं, आणि इथे त्याने हात आखडता घेतला होता. बाहेरचं कापड थेट जमिनीला टेकलेलं, खालून वारा शिरायला फट नाही. वर हवा बाहेर पडायला एकच झरोका, तळहाताएवढा, आणि तो उघडा राहावा म्हणून दिलेली वेल्क्रोची काडी मध्यरात्री सुटून मिटते. पायाकडची बाजू इतकी उतरती की स्लीपिंग बॅगचं टोक कापडाला टेकतंच, आणि टेकलं की सगळी ओल टोकाच्या पिसांत. त्यात कापड नायलॉनचं. नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं, म्हणजे रात्री आठला मृदंगासारखा ताणलेला तंबू पहाटे तीनला सैल पडून चेहऱ्यावर येतो. ज्या वेळी ओल सर्वांत जास्त, नेमक्या त्याच वेळी. दाराचा उतार असा की चेन उघडली की बाहेरच्या कापडावरचं दंव ओघळून आतल्या जमिनीवर पडणार. जाहिरातीत त्याला ‘स्टॉर्मप्रूफ’ म्हटलंय ते खरं आहे. बाहेरून आत काही येणार नाही याची त्याने एवढी काळजी घेतली की आतलं बाहेर कसं जाईल हे राहूनच गेलं.

आमच्या जुन्या माणसांकडे याहून हलका निवारा होता, इरलं. बांबूच्या कामट्यांची चौकट, त्यात पानं, लावणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावरून पाठीवर येणारं. एका बाजूने पूर्ण उघडं. वाकून लावणी करणाऱ्या अंगाची सगळी वाफ समोरून निघून जाते. आजीचं इरलं मी लहानपणी डोक्यावर घेऊन खळ्यात कासव-कासव खेळायचे. आता लावणीला प्लास्टिकचे कागद पांघरतात. पाऊस आत येत नाही, पण बायका घामाने भिजून निघतात.

चौथ्या दिवशी सकाळी मी एक्सेलमध्ये आकडे भरत होते. बाबा कलमांकडून अनवाणी परत आले. मोहराच्या दिवसांत ते रोज पहाटे गवतातून चालून दंव किती पडलंय ते तळपायाने बघतात, कारण दंव जास्त झालं की मोहरावर भुरी येते आणि फवारणी ठरवावी लागते. माझ्या सेन्सरपेक्षा हा सेन्सर जुना आणि बागेपुरता जास्त भरवशाचा. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग मीटर हातात घेऊन उलटसुलट केला.

“हे घड्याळ आमच्या खोलीत ठेव की एक रात्र.”

“कशाला? तिथे कुठे दंव पडणार?”

“ठेव तर.”

इथे घराबद्दल सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा माझा मामा बाजारपेठेजवळ राहायचा. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर मी गेले होते. त्या घराच्या भिंती पुढे कित्येक महिने वाळल्या नाहीत. आमच्या वाडीत पूर आला नव्हता, येण्यासारखी जागाच नाही, पण माझ्या डोक्यात पाणी बसलं. आमचं घर कौलारू, चिऱ्यांचं, आजोबांच्या वेळचं. दर मे महिन्यात कौलं शाकारा, वाशांची वाळवी बघा, पडवीला झड बांधा. पावसात दोन-तीन जागी टोपं लावलेली असायची. मला चांगली नोकरी होती, कर्ज मिळत होतं. २०२२ मध्ये मी ते पाडून स्लॅबचं घर बांधायला लावलं. ‘लावलं’ हाच शब्द बरोबर आहे. बाबांना मन नव्हतं, आईला होतं, कारण टोपं तिने उचलली होती.

प्लॅन मी एका फुकटच्या ॲपवर काढला. जोतं उंच. स्लॅबला वॉटरप्रूफिंग दोनदा. सरकत्या काचेच्या खिडक्या, रबर लावलेल्या, हवाही शिरणार नाही अशा. ठेकेदार म्हणाला, खिडक्यांवर व्हेंटिलेटर ठेवूया. मी म्हटलं, नको, त्यातून पाऊस येतो आणि जुनाट दिसतं. तो म्हणाला, स्लॅबवर पत्र्याची शेड तरी घाला, कोकणात सगळे घालतात. मी म्हटलं, एलिव्हेशन बिघडेल. हा शब्द मी पंधरा दिवसांपूर्वीच शिकले होते. बाबा तेव्हा तिथेच खुर्चीवर बसून होते. एकदाच म्हणाले, “वाफ कुठून जाणार?” मला वाटलं स्वयंपाकघराबद्दल विचारतायत. मी म्हटलं, चिमणी आहे ना.

जुन्या घराला वाफेची कधी अडचणच नव्हती. भिंत आणि छप्पर यांच्यात हात जाईल एवढी फट होती. वर मंगळुरी कौलं, जी १८६५ पासून बासेल मिशनने मंगळूरला बनवायला घेतली आणि पुढे कोकणभर पसरली. भाजलेल्या मातीची, एकमेकांत अडकवलेली, पण हवाबंद नाहीत. चुलीचा धूर आख्ख्या छपरातून झिरपून बाहेर जायचा. सकाळी लांबून पाहिलं तर घराला वाफ फुटल्यासारखी दिसायची. मला ते दृश्य गरिबीचं वाटायचं.

सकाळी मी आई-बाबांच्या खोलीतलं मीटर बघायला गेले. दारं-खिडक्या बंद, थंडी आणि डासांमुळे. दोन माणसं झोपलेली. पहाटे पाचचा आकडा ८८ टक्के. मी तो दोनदा वाचला. बाहेर आदल्या दिवशी दुपारी ४८ होता. तंबूत जे मी चार रात्री केलं ते ही दोघं या खोलीत रोज रात्री करत होती, आणि हे कोरड्या महिन्यात.

“कपाट जरा पुढे घे,” बाबा म्हणाले.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेलं. पावसाची झड त्याच भिंतीवर येते, ती सर्वांत गार. दोघांनी मिळून ते फूटभर ओढलं. मागे भिंतीवर काळी बुरशी होती. कमरेएवढ्या उंचीपासून खाली जमिनीपर्यंत, कडेला हिरवट. मध्येमध्ये पुसल्याच्या खुणा, हात पोचेल तिथवर. रंगाचे पोपडे. आणि तो वास, जो मला घरात शिरल्यावर नेहमी यायचा आणि मी ज्याला ‘आमच्या घराचा वास’ म्हणायचे.

आई दारात उभी होती. तिने बाबांकडे रागाने बघितलं, माझ्याकडे नाही.

“कधीपासून आहे हे?”

“पावसात येतं थोडं. मी पुसते ना ब्लीचिंगच्या पाण्याने.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? हप्ते तू भरतेस.”

आईला नव्या घरातल्या दुसऱ्या पावसाळ्यापासून खोकला आहे. रात्री छाती वाजते. डॉक्टरांनी पंप दिला. त्यांनी एकदा तिला विचारलं होतं, घरात ओल आहे का? तिने सांगितलं, नाही, घर नवीन आहे, मुलीने बांधलंय. हे मला बाबांनी त्या दिवशी दुपारी फणसाखाली तंबूच्या दोऱ्या सोडवताना सांगितलं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. खुंट्या मोजत होते.

खोकला या बुरशीमुळेच आहे असं कुणी डॉक्टरने मला सांगितलेलं नाही. आईला दम्याचा त्रास तिच्या माहेराकडूनही असू शकतो. पण बुरशीचे कण दमेकऱ्यांना त्रास देतात हे काही वादाचं नाही, आणि त्या कपाटापासून आईची उशी चार फुटांवर आहे. मी मोजलं.

त्या रात्री मी तंबू लावला नाही. माझ्या खोलीत पंखा लावून, खिडकी उघडी टाकून झोपले. झोप लागली नाही. ऑफिसमध्ये असं काही झालं की आम्ही मीटिंग घेतो, कुणाची चूक हे न विचारता काय चुकलं ते लिहून काढतो. ती पद्धत मला आवडते. इथे लागू करून पाहिली, जमली नाही. प्रत्येक ओळीत कर्ता येत होता. खिडक्या निवडल्या, कुणी? झरोके नाकारले, कुणी? तीन पावसाळे घरी येऊन जाऊन तो वास घेतला आणि कपाट हलवून पाहिलं नाही, कुणी?

बाबांना विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळत होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, “बोललो की.” मग थोड्या वेळाने, “तू शिकलेली. मला वाटलं, तुमच्या इंजिनीअरिंगमध्ये काय तरी उपाय असेल त्याला.” हे टोमणा म्हणून नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये गवंडी आला. खिडक्यांच्या वर, स्लॅबला लागून, समोरासमोरच्या भिंतींत भोकं पाडली. जागा बाबांनी दाखवल्या, कारण वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो हे मला माहीत नव्हतं. बाहेरून सिमेंटच्या उतरत्या पट्ट्या, आतून जाळी. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारे पंखे. कपाट आता आतल्या भिंतीला, तेही वीतभर सोडून. पावसात कपडे आत वाळत घालायचे नाहीत, हा नियम मी केला आणि आईने तो ऐकून घेतला. एप्रिलमध्ये स्लॅबवर पत्र्याची शेड आली, चारही बाजूंनी उघडी. आता माझं घर डबल-वॉल आहे. वरचं आवरण पाऊस आणि आभाळ झेलणार, मध्ये वारा खेळणार, खाली माणसं. महाग तंबू असेच असतात. सावर्ड्यापासून चिपळूणपर्यंत हायवेवर जाताना प्रत्येक स्लॅबवर ही शेड दिसते आणि मी इतकी वर्षं त्यांना हसत होते. एलिव्हेशन बिघडलं, हे सांगायलाच हवं. कोंबड्यांच्या खुराड्यावर मंडप घातल्यासारखं दिसतंय. खर्च एक लाख नव्वद हजार.

तंबूचं म्हणाल तर तो मी परत केला नाही. पंधरा दिवसांची मुदत तशीही संपली होती. पायाकडे एक जादा दोरी शिवून ते टोक वर ओढून घेतलं, खालची कड चार बोटं उचलून लावायला शिकले, वेल्क्रोच्या काडीऐवजी बांबूची कामटी बसवली. जूनमध्ये हिमाचलात तो शहाण्यासारखा वागला. तिथली हवा कोरडी. सर्वांत वरच्या मुक्कामाला सकाळी आतून बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता, झटकला की पडायचा. मैत्रीण म्हणाली, काय मस्त तंबू आहे. मी तिला काही सांगितलं नाही.

एक चूक पुन्हा केलीच. परत आल्यावर तो घडी करून पिशवीत कोंबला आणि माळ्यावर टाकला. अशा कापडाला आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो तो दमट उबेत हळूहळू कुजतो, चिकट होतो, त्याला ओकारीसारखा वास येतो. बाबांनी जुलैत तो शोधून काढला आणि शेडखाली दोरीवर आडवा टाकला, इतर वाळणाऱ्या कपड्यांच्या शेजारी. अजून तिथेच आहे.

आईच्या खोलीतलं मीटर मी परत आणलं नाही. ती रोज सकाळी त्यातला आकडा व्हॉट्सॲपवर पाठवते, सोबत तक्रार. जुलैत एक दिवस ८३, एक दिवस ७९. बाहेर संततधार असताना याहून खाली येणं कठीण, हे मला आता कळतं. पंप अजून उशाशी आहे, वापर कमी झालाय असं ती म्हणते, आणि ती मला काय सांगते व काय नाही हेही मला आता कळतं. म्हणून मी बाबांनाही वेगळं विचारते.

परवाचा मेसेज होता: “आज ७६. रात्रभर पत्रा वाजत होता, मालिका ऐकू आली नाही. आणि तुझ्या त्या झरोक्यातून पाल आली आहे.”